घरी बांधलेल्या विमानाची वार्षिक तपासणी: आरव्ही-६ए, काउलिंगपासून लॉगबुकापर्यंत

घरी बांधलेल्या विमानाचं मेंटेनन्स मॅन्युअल कुठे विकत मिळत नाही. कारखान्यात बनलेलं सेसना १७२ असेल तर कंपनीचं पुस्तक, पार्ट नंबर, आकृत्या सगळं हाताशी असतं. आमचं विमान आरव्ही-६ए. ऑरेगनमधल्या ऑरोरा गावची व्हॅन्स एअरक्राफ्ट ही कंपनी त्याचं किट द्यायची. इंजिन कोणतं बसवायचं, वायरिंग कसं करायचं, पेट्रोलच्या नळ्या कुठून न्यायच्या हे मात्र बांधणारा ठरवतो. त्यामुळे एकाच मॉडेलची दोन विमानं आतून सारखी नसतात. अशा विमानाचं खरं मॅन्युअल म्हणजे त्याचं लॉगबुक, बांधताना काढलेले फोटो आणि मागच्या तपासणीचे आकडे. सेकंडहँड आरव्ही घेणाऱ्याने रंगापेक्षा आधी ही कागदपत्रं बघावीत.

अमेरिकेतला कायदा आधी सांगतो, कारण कामाची विभागणी त्यावरच ठरते. एक्सपेरिमेंटल अमॅच्युअर-बिल्ट, म्हणजे हौशी माणसाने स्वतः बांधलेल्या, वर्गातल्या विमानाला 'अ‍ॅन्युअल' नसते, 'कंडिशन इन्स्पेक्शन' असते. ती दर १२ कॅलेंडर महिन्यांनी करावी लागते आणि तिची व्याप्ती एफएए या विमान नियामक संस्थेच्या नियमांतल्या भाग ४३ मधल्या परिशिष्ट 'डी'इतकी ठेवावी लागते. दुरुस्ती, भाग बदलणं, नवं उपकरण बसवणं हे काम कोणीही करू शकतो, मालकसुद्धा. तपासणीवर सही मात्र मुख्यतः दोघांची चालते: ज्याने विमान बांधलं आणि रिपेअरमन सर्टिफिकेट (त्या विमानाच्या तपासणीचा परवाना) घेतलं त्याची, नाहीतर ए अँड पी (विमानाचा सांगाडा आणि इंजिन दोन्हींचा परवाना असलेल्या) मेकॅनिकची. विमान विकलं तरी ते सर्टिफिकेट नव्या मालकाच्या नावावर होत नाही. आमचं विमान दुसऱ्याने बांधलेलं आहे, म्हणून हातांनी काम आम्ही करतो आणि ए अँड पी मित्र सोबत राहून प्रत्येक गोष्ट स्वतः बघतो आणि सही करतो. कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादव यांना डीजीसीएची नोंदणी मिळायला २०१७ साल उजाडलं, हे मराठी वाचकांना आठवत असेल. इथे अमेरिकेत ती वाट अनेक दशकं मळलेली आहे, आणि त्याचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे आधीच्या हजारो विमानांत काय मोडलं याची माहिती उघड्यावर मिळते.

विमान हँगरमध्ये आलं की पहिला मोह होतो तो धुण्याचा. धुण्याआधी बघायचं. पोटावर मागे गेलेला ऑइलचा ओघळ कुठून सुरू होतो, रिव्हेटभोवती काळी पूड दिसते का, टाकीच्या शिवणीवर निळा डाग आहे का, हे सगळं साबणाच्या पाण्याबरोबर वाहून जातं. १००एलएल एव्हगॅसला, म्हणजे विमानाच्या पेट्रोलला, निळा रंग मुद्दाम दिलेला असतो. पेट्रोल उडून जातं, रंग मागे राहतो, त्यामुळे बारीक झिरपाही पकडता येतो. डागांचे फोटो काढायचे, मग फडकं हातात घ्यायचं.

त्यानंतर इंजिन चालवून गरम करायचं. ऑइल गरम असताना नीट निथळतं, आणि कॉम्प्रेशनची चाचणीही गरम इंजिनावरच खरी येते. आमच्याकडे लायकमिंग ओ-३२०, १६० हॉर्सपॉवरचं, कार्ब्युरेटरवालं इंजिन आहे. सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या टाकीत, ८ क्वार्ट ऑइल मावतं. फिल्टर असेल तर ५० तासांनी किंवा ४ महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा ऑइल बदलायचं. फक्त जाळी असेल तर २५ तासांनी. ती चार महिन्यांची अट बरेच जण सोडून देतात, पण कमी उडणाऱ्या विमानाला तीच जास्त लागू आहे. लायकमिंगचा कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, क्रँकशाफ्टच्या वर असतो. विमान आठवडेच्या आठवडे उभं राहिलं की त्यावरचं ऑइल निथळून जातं, ओल धरते, कॅमवर आणि त्याला टेकणाऱ्या टॅपेटच्या तोंडावर गंजाचे बारीक खड्डे पडतात आणि पुढे तिथूनच धातूचे कपचे निघतात. नुसतं जमिनीवर इंजिन चालवून ठेवणं त्याहून वाईट, कारण ज्वलनातून तयार झालेलं पाणी ऑइलमध्ये तसंच राहतं. ते उडवायचं तर ऑइलचं तापमान १८० अंश फॅरनहाइटच्या आसपास नेऊन तासभर उडावं लागतं.

काढलेला फिल्टर कापून उघडायचा. त्यासाठी पत्र्याच्या डब्याच्या ओपनरसारखं वेगळं कटर मिळतं. करवतीने कापला तर करवतीचाच कीस आत पडतो आणि सगळा शोध वाया जातो. आतला कागद घडी उलगडून, पिळून, उजेडात बघायचा आणि चुंबक फिरवायचं. चुंबकाला चिकटणारे चपटे कपचे कॅम-टॅपेटचे असण्याची शक्यता जास्त. न चिकटणारी चमचमीत पूड अ‍ॅल्युमिनियमची किंवा बेअरिंगची असते. काळे, ठिसूळ, नखाने चुरडणारे कण म्हणजे कार्बन, त्याने घाबरायचं कारण नाही. नव्या फिल्टरच्या रबराला स्वच्छ ऑइलचा हात लावून १६ ते १८ फूट-पाउंडवर आवळायचा, तो सैल होऊ नये म्हणून लॉकवायर घालायची.

आता कॉम्प्रेशन. सिलिंडरमध्ये ८० पीएसआय हवा सोडायची आणि दुसऱ्या गेजवर किती टिकते ते वाचायचं. पिस्टन वरच्या टोकाशी नेमका नसेल तर ती हवा प्रोपेलर जोराने फिरवते, म्हणून एक माणूस पातं घट्ट धरून उभा असल्याशिवाय हवेचा व्हॉल्व्ह उघडायचाच नाही, आणि दोन्ही मॅग्नेटो (प्लगला ठिणगी देणारी यंत्रं) ग्राउंड केलेले, म्हणजे बंद, आहेत हे आधी तपासायचं. चारही सिलिंडर सत्तरच्या वर आणि एकमेकांपासून पाचेक पीएसआयच्या आत असले तर उत्तम. एखादा ६५ च्या खाली गेला किंवा इतरांपेक्षा १०-१५ ने कमी आला तर शोध घ्यायचा. या वेळी तीन सिलिंडर ७४ ते ७६ वर होते आणि तीन नंबरचा, म्हणजे उजवीकडचा मागचा, ५८ वर.

आकडा वाईट आला की लगेच सिलिंडर उतरवायची घाई होते. तो शेवटचा उपाय असावा. सिलिंडर काढायचा म्हणजे क्रँककेसचे थ्रू-स्टड (आरपार बोल्ट) सैल करायचे, आणि परत आवळताना टॉर्क चुकला तर मेन बेअरिंग जागचं सरकू शकतं. व्हॉल्व्हची छोटी गळती काढायच्या नादात सगळं इंजिन धोक्यात येतं. म्हणून आधी हवा कुठून निघते ते ऐकायचं. ऑइल भरण्याच्या नळीतून फुसफुस आली तर रिंगा. कार्ब्युरेटरकडून आली तर इनटेक व्हॉल्व्ह. आमच्याकडे ती सायलेन्सरच्या नळीतून येत होती, म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. इंजिन परत तापवून पुन्हा मोजलं तर कधीकधी सीटवर अडकलेला कार्बनचा कण निघून जातो आणि आकडा सुधारतो. इथे तो सुधारला नाही.

पुढचं काम बोरस्कोपचं. प्लगच्या भोकातून कॅमेरा घालून एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं तोंड बघायचं. निरोगी व्हॉल्व्हवर तांबूस-तपकिरी थर मधोमध, गोल आणि चहूकडून सारखा दिसतो. गळणाऱ्या व्हॉल्व्हवर कडेच्या एका कमानीत तो थर जळून गेलेला असतो आणि धातूवर हिरवट छटा येते, कारण तिथून गरम वायू सतत सुटत असतात. आमच्या व्हॉल्व्हवर अशी कमान दिसली, पण कड खाल्लेली नव्हती आणि तडाही नव्हता. असा व्हॉल्व्ह जागेवरच घासून बसवता येतो.

पद्धत अशी. त्या बाजूची एक्झॉस्टची नळी उतरवायची. रॉकर कव्हर काढायचं. पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकवर, वरच्या टोकाच्या थोडा अलीकडे आणायचा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. वरच्या प्लगच्या भोकातून स्वच्छ नायलॉनचा दोर आत भरायचा, शेपूट बाहेर ठेवायचं, आणि प्रोपेलर हाताने हळू फिरवून पिस्टनने तो दोर व्हॉल्व्हखाली दाबून धरायचा. रॉकरचा शाफ्ट सरकवून रॉकर काढायचे. पुशरॉड कुठला कुठे होता त्याची खूण करून ठेवायची. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या टोकावर एक छोटी टोपी असते, ती आधी काढून डबीत ठेवायची. जोडताना ती राहिली तर रॉकर थेट व्हॉल्व्हच्या टोकावर आपटतो. मग स्प्रिंग दाबून तिला धरणारे दोन लॉक चुंबकाने उचलायचे. ऑइल परतीच्या भोकात आधीच कापडाचा बोळा बसवलेला असावा, कारण लॉक हातातून निसटला तर तिथेच जातो.

दोर काढला की व्हॉल्व्ह मोकळा होतो. आधी तो गाइडमध्ये (व्हॉल्व्हचा दांडा सरकतो त्या नळीत) वर-खाली, गोल फिरवून बघायचा. अडखळत असेल तर गाइडमध्ये कार्बन साठलाय, आणि सकाळी थंड इंजिन सुरू होताना काही सेकंद एक सिलिंडर चुकत असल्याची तक्रार असेल तर तिचं मूळही तेच. तो कार्बन योग्य मापाच्या रीमरने, ग्रीस लावून, हाताने काढायचा. त्यानंतर व्हॉल्व्ह सीटपासून थोडा आत ढकलून एक्झॉस्टच्या तोंडातून त्याच्या कडेला लॅपिंग पेस्टचा अगदी पातळ हात द्यायचा. दांड्याच्या टोकावर रबरी नळी चढवायची, ती संथ ड्रिलला लावायची आणि व्हॉल्व्ह बाहेरच्या दिशेने हलका ओढत मागेपुढे फिरवायचा. मिनिटभर घासायचं, थांबायचं, पुसायचं, बोरस्कोपने बघायचं. सीटवर सगळीकडून अखंड करडी पट्टी दिसली की बास. पेस्टचा कण सिलिंडरच्या भिंतीवर राहिला तर तो रिंगांबरोबर चरे पाडतो, म्हणून सॉल्व्हंटने धुणं आणि हवेने उडवणं कंटाळा येईपर्यंत करायचं. जोडताना रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट टॅपेटमधलं ऑइल काढून मोजायची, ती ०.०२८ ते ०.०८० इंचाच्या आत हवी. आमचा आकडा ५८ वरून ७३ वर आला. सिलिंडर जागचा हलला नाही.

प्लग आठ. काढताना प्रत्येकाची जागा लिहिलेल्या फळीवर उभे करायचे, म्हणजे सिलिंडरची कथा त्यांच्याकडून कळते. खालच्या प्लगांत शिशाचे राखाडी मणी अडकतात. ते टोकदार पिकने उकरायचे, जोर मधल्या चिनीमातीवर येऊ द्यायचा नाही. फट ०.०१६ ते ०.०२१ इंच. मीटरवर आतला रोध ५००० ओहमच्या वर गेला तर प्लग बाद, मग तो बाहेरून कितीही नवा दिसो. खाली पडलेला प्लग परत बसवू नये, आतल्या चिनीमातीचा तडा बाहेरून दिसत नाही. आट्यांना अँटी-सीझ लावायचं, पण पहिला आटा कोरडा ठेवून. नवं तांब्याचं वायसर, ३५ फूट-पाउंड. वरचे खाली, खालचे वर करायचे.

मॅग्नेटोचं टायमिंग २५ अंश, पण आपल्या इंजिनाच्या पाटीवर काय कोरलंय ते वाचूनच. ५०० तास झाले की मॅग्नेटो उतरवून उघडायचे. त्याआधी दर वर्षी पी-लीड (मॅग्नेटो बंद करणारी वायर) हाताने ओढून बघायची; ती तुटली तर स्विच बंद असूनही मॅग्नेटो जिवंत राहतो आणि पातं हलवणाऱ्याच्या जिवावर बेततं.

एक्झॉस्टवर वेळ द्यावा, कारण इथली चूक कॅबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइड आणते. हीटरची पत्र्याची वेष्टणं काढल्याशिवाय खालची नळी दिसत नाही आणि तडा बहुतेक तिथेच लपतो. सांध्यांवर पांढुरकी-राखाडी पूड म्हणजे गळती. खात्री करायला व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू नळीच्या शेवटाला लावायची आणि सांध्यांवर साबणाचं पाणी शिंपडायचं. फ्लँजच्या पॅकिंगजवळ थोडे बुडबुडे चालतात, वेल्डिंगवर एकही चालत नाही. तडा दिसला तर त्यावर पेन्सिलीने खूण करू नये. ग्रॅफाइटमधला कार्बन तापलेल्या स्टेनलेसमध्ये शिरतो आणि खुणेच्या रेघेवरच नवा तडा जातो. मार्कर वापरायचा.

शेपटीकडे येऊ. आरव्ही-६ असणाऱ्याने हा भाग कधीही घाईत उरकू नये. २०१४ साली व्हॅन्सने दोन सर्व्हिस बुलेटिन काढली: एक आडव्या स्टॅबिलायझरच्या (शेपटीच्या स्थिर पंखाच्या) पुढच्या स्पारला, म्हणजे आतल्या मुख्य तुळईला, मध्याजवळ जाणाऱ्या तड्यांबद्दल, दुसरं एलेव्हेटरच्या (शेपटीच्या वर-खाली हलणाऱ्या भागाच्या) स्पारला बिजागरांजवळ जाणाऱ्या तड्यांबद्दल. फायबरग्लासचं फेअरिंग (जोडावरचं झाकण) काढायचं, आरसा आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्यायचं, उजेड तिरका टाकायचा. स्पारची कड जिथे खाचेत वळते तो कोपरा बघायचा. रंगातली भेग आणि धातूतला तडा यात शंका असेल तर रंग काढून डाय-पेनेट्रंट (तड्यात शिरून तो दाखवणारं रसायन) लावायचं. लहान तड्याच्या टोकाला भोक पाडून तो थांबवतात आणि कंपनीच्या किटमधली जोडपट्टी बसवतात. तडा बुलेटिनमध्ये दिलेल्या मर्यादेबाहेर गेला असेल तर स्पारच बदलावा लागतो.

एलेव्हेटरच्या पत्र्याचा तडा वेगळा. जुन्या किटमध्ये तो पत्रा ०.०१६ इंचाचा आहे. प्रोपेलरच्या झोताने स्टिफनरमधला (आतून लावलेल्या ताठ पट्ट्यांमधला) पत्रा सतत आत-बाहेर फुगतो, आणि मागच्या कडेजवळच्या शेवटच्या रिव्हेटपासून तडा सुरू होतो. ४० नंबरच्या ड्रिलने टोक थांबवायचं आणि भोकाची कड साफ करायची. पण भोक पाडून फुगणं थांबत नाही. आतून स्टिफनरच्या टोकांमध्ये आरटीव्ही या सिलिकॉन रबराचा गोळा बसवला की दोन्ही पत्रे एकमेकांना धरतात. बांधतानाच तो घातला असेल तर हा तडा सहसा येत नाही, आणि इथेच बांधणाऱ्याचे फोटो कामाला येतात.

रिव्हेटभोवती काळी पूड, जिला इथे 'स्मोकिंग रिव्हेट' म्हणतात, ती दिसली तर पुसून, वर्तुळ करून, काही तास उडून परत बघायचं. पोटावर एक्झॉस्टची काजळीही तशीच दिसते. पूड परत आली तर रिव्हेट हलतोय. १/८ इंचाचा रिव्हेट काढताना ३० नंबरचं ड्रिल फक्त डोक्याच्या खोलीइतकंच जाऊ द्यायचं, डोकं पंचने उडवायचं आणि मागे आधार धरून दांडा ठोकायचा. भोक मोठं झालं तर लहान डोक्याचा पुढच्या मापाचा रिव्हेट मिळतो. नव्याचं ठोकलेलं डोकं व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच हवं: ३/१६ आणि १/१६ इंच.

नियंत्रणाच्या दांड्यांना टोकाला रॉड-एंड बेअरिंग असतात. त्यांचा चेकनट (त्यांना जागेवर धरणारा नट) सैल झाला तर दांडा हळूहळू फिरतो. म्हणून प्रत्येक नटवर टॉर्क-सीलची रेघ असावी, तुटलेली रेघ लगेच डोळ्यात भरते. बेअरिंगच्या बाहेर मोठं वायसर हवंच. आतला गोळा निसटला तरी त्यामुळे दांडा बोल्टवर अडकून राहतो. एएन३ मापाच्या बोल्टला २० ते २५ इंच-पाउंड, एएन४ ला ५० ते ७०. जिथे बोल्ट फिरू शकतो तिथे नायलॉनचा नट चालत नाही, कॅसल नट आणि स्प्लिट पिन लागते. रडरच्या केबलवर कापड फिरवायचं. तुटलेली तार कापडाला पकडते.

ब्रेक या विमानात लवकर झिजतात आणि त्याचं कारण रचनेतच आहे. पुढचं चाक मोकळं फिरतं, जमिनीवर वळायचं ते एका बाजूचा ब्रेक दाबूनच. त्यात जास्त आरपीएमवर ब्रेक घासत टॅक्सी केली तर कॅलिपरमधली ओ-रिंग भाजून कडक होते, लाल ५६०६ ब्रेक ऑइल गळायला लागतं, आणि ते पेटतं. लायनर (ब्रेकचं घासणारं अस्तर) ०.१०० इंचापर्यंत आलं की बदलायचं. जुने रिव्हेट काढून नवे ठोकायचे, ओ-रिंग बदलायची, आणि हवा खालून, कॅलिपरकडून वर काढायची, कारण बुडबुडे आपोआप वरच जातात. नवी ऑर्गॅनिक लायनर मुरवावी लागतात: १७०० आरपीएम ठेवून, ब्रेकने वेग ताशी ५ ते १० मैलांवर धरून, १५०० फूट टॅक्सी, मग १० ते १५ मिनिटं थंड होऊ द्यायचं. पुढच्या चाकाचा फोर्क किती ओढीला वळतो हे स्प्रिंगच्या काट्याने मोजायचं. साधारण २२ पाउंड हवं. त्याहून फार सैल असेल तर चाक थरथरतं, आणि आरव्हीचा पुढचा पाय नाजूक आहे.

पेट्रोलच्या बाजूला बघायचं ते गॅस्कोलेटरची (पेट्रोलमधलं पाणी आणि कचरा अडवणाऱ्या वाटीची) जाळी, कार्ब्युरेटरच्या तोंडाची जाळी, टाकीच्या झाकणांच्या ओ-रिंगा. फ्लेअर जोडांना (नळीचं तोंड पसरवून केलेल्या जोडांना) टेफ्लॉन टेप लावायची नाही. ते धातूवर धातू बसूनच बंद होतात, आणि टेपचा तुकडा थेट जाळीत जाऊन बसतो. इएलटीची (अपघातात आपोआप संकेत पाठवणाऱ्या ट्रान्समीटरची) बॅटरी, अँटेना आणि धक्क्याचा सेन्सर दर १२ महिन्यांनी तपासायचे. १२१.५ मेगाहर्ट्झवर चाचणी कोणत्याही तासाच्या पहिल्या पाच मिनिटांतच करायची.

सगळं बंद करायच्या आधी हत्यारं मोजायची आणि काउलिंग (इंजिनावरचं झाकण) न लावता इंजिन चालवायचं. रॉकर कव्हर, ऑइल फिल्टर, पेट्रोलचे जोड कोरडे आहेत का ते बघायचं. मॅग्नेटो तपासताना आरपीएम १७५ पेक्षा जास्त पडू नये आणि दोघांतला फरक ५० च्या आत असावा. मग लॉगबुक: तारीख, विमानाचे एकूण तास, परिशिष्ट 'डी'च्या व्याप्तीने तपासणी केली आणि विमान सुरक्षित उड्डाणाच्या स्थितीत आढळलं हे वाक्य, सही, सर्टिफिकेट नंबर. खाली आम्ही चारही कॉम्प्रेशन, प्लगांचे रोध, लायनरची जाडी आणि शेपटीचे फोटो जोडतो.

पहिलं उड्डाण एकट्याने, दिवसा, विमानतळावरच घिरट्या घालत. उतरल्यावर काउलिंग परत काढायचं आणि तीन नंबरच्या रॉकर कव्हरची कड, एक्झॉस्टचे नट आणि ब्रेकची नळी हात लावून बघायची. नव्या पॅकिंगचे एक्झॉस्ट नट पहिल्या गरम-थंड फेरीनंतर थोडे सैल पडतात, ते पुन्हा आवळायचे. तीन नंबरचं कॉम्प्रेशन आणि बोरस्कोपचा फोटो पुढच्या २५ तासांनी पुन्हा घ्यायचा आहे. थर गोल आणि सारखा जमत असेल तर व्हॉल्व्ह फिरतोय. कमान परत उमटली तर गाइड झिजला आहे आणि मग सिलिंडर उतरवावाच लागेल.